बशीतील सुटे पैसे

शाळा-महाविद्यालयांच्या परीक्षा आटोपल्या, की दादर-गिरगावातील मध्यमवर्गीय घरांतून परदेशी सहलीच्या तयारीला ऊत येतो. एका पिढीपूर्वी ज्या घरांत महाबळेश्वरचे चार दिवस ही वर्षभराच्या गप्पांची शिदोरी असे, त्या घरांतील माणसे आज जपानातील चेरीचा बहर, स्वित्झर्लंडमधील बर्फ किंवा अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाचे बिऱ्हाड पाहावयास निघतात. औषधे, लाडू-चकल्यांचे डबे आणि परकी चलन यांची तजवीज झाली, की एक प्रश्न उरतो आणि तो बहुधा विमानतळाच्या वाटेवर कोणाला तरी आठवतो. तिकडे टीप किती द्यावयाची? शेजारी सांगतात, जपानात ती दिली तर अपमान होतो. अमेरिकेतील चिरंजीव फोनवरून बजावतात, येथे ती दिली नाही तर अपमान होतो. सहलसंस्थेच्या माहितीपत्रकात कोठेतरी कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की मार्गदर्शक व बसचालक यांची बक्षिसी सहलखर्चात धरली आहे. किंवा ती धरलेली नाही.

हा प्रश्न शिष्टाचाराचा समजला जातो आणि म्हणून त्याचे उत्तर टक्केवारीत शोधले जाते. वास्तविक तो वेतनाचा प्रश्न आहे. एखाद्या देशात वाढप्याला किती बक्षिसी द्यावी, हे तेथील लोकांच्या उदारपणावरून किंवा कंजुषीवरून ठरत नाही. त्या वाढप्याचा पगार मालकाने किती द्यावयाचा आणि गिऱ्हाइकाने किती, याची जी वाटणी त्या समाजाने करून ठेवलेली असते, तिच्यावरून ते ठरते. ही वाटणी लक्षात घेतली, तर प्रवाशाची अडचण दूर होतेच. पण सेवाशुल्काच्या नावाने आपल्या शहरात सध्या जो वाद चालू आहे, त्याचाही उलगडा होतो.

देशोदेशीची वाटणी

जपानमध्ये उपाहारगृहात किंवा टॅक्सीत बक्षिसी देण्याची पद्धत नाही. टेबलावर कोणी पैसे ठेवून निघालाच, तर ते विसरले असे समजून वाढपी मागे धावत येतो आणि ते परत करतो. पदार्थाची जी किंमत लिहिलेली असते, तीत त्याच्या श्रमाचे मोल आले, अशी तेथील धारणा आहे. जुन्या धर्तीच्या विश्रामगृहात सेविकेला पाकिटात घालून पैसे देण्याची रीत आढळते. परंतु तीही ऐच्छिक आहे आणि नोटा उघड्या हातात देणे तेथे असभ्य मानले जाते. फ्रान्समध्ये खाद्यपदार्थांच्या छापील दरातच सेवेचा मोबदला अंतर्भूत असतो. गिऱ्हाईक वर जी चार नाणी ठेवतो, ती केवळ खुशीची. जर्मनीत बिलाची रक्कम पुढच्या पूर्ण आकड्यापर्यंत नेऊन तोंडाने सांगतात. सिंगापूरमध्ये अनेक उपाहारगृहांतून दहा टक्के सेवाशुल्क बिलातच लागते, त्यामुळे वेगळी टीप कोणी अपेक्षित नाही.

अमेरिकेत सारे चित्र पालटते. टेबलावर बसून जेवल्यास बिलाच्या पंधरा ते वीस टक्के रक्कम वेगळी देणे तेथे जवळजवळ सक्तीचे आहे. टॅक्सीचालक, सामान उचलणारा, हॉटेलातील खोली झाडणारी बाई यांचेही दर ठरून गेलेले आहेत. दादरचा प्रवासी या रकमेचे मनातल्या मनात रुपये करतो आणि एका जेवणाच्या टीपेत घरी महिन्याचे दूध येते, असे म्हणून हात आखडता घेतो. त्याची ही तक्रार अगदीच निराधार आहे, असे नाही. परंतु जी गोष्ट त्याला कोणी सांगत नाही ती अशी, की अमेरिकेच्या संघराज्यीय कायद्याप्रमाणे टीप मिळविणाऱ्या नोकरास मालकाने तासाला केवळ २.१३ डॉलर दिले तरी चालतात. सर्वसाधारण किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. मधली तूट टीपेने भरून निघावी आणि ती न निघाल्यास मालकाने भरावी, अशी ही योजना आहे. २.१३ हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ही सवलत मालकांना नाकारली आहे. ती जेथे चालू आहे, तेथे टीप न देणारा प्रवासी वाढप्याची बक्षिसी वाचवीत नसतो, त्याच्या पगारात कपात करीत असतो.

ही व्यवस्था कशी आली, हे पाहण्यासारखे आहे. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनयानांत हमाल म्हणून घेतले. पगार तुटपुंजा ठेवला आणि उरलेले पोट प्रवाशांच्या बक्षिसीवर सोपविले. पैशासाठी अहोरात्र हसतमुख राहणे हा त्यांच्या कामाचाच एक भाग होऊन बसला. टीप ही लोकशाहीला न शोभणारी सरंजामी चाल आहे, असे म्हणून काही राज्यांनी १९०९ पासून ती कायद्याने बंद करण्याचा प्रयत्न केला. परंतु १९२६ पर्यंत ते सर्व कायदे मोडीत निघाले. शयनयानांतील हमालांनी मात्र १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना उभारली आणि बारा वर्षांच्या झगड्यानंतर १९३७ साली कंपनीशी करार करून घेतला. दुसरीकडे उपाहारगृहांतील नोकरांच्या वाट्याला १९६६ ची कायदादुरुस्ती आली. तिने टीपेची रक्कम किमान वेतनात वळती करून घेण्याची मुभा मालकांना दिली. २०२५ साली अमेरिकेने टीपेच्या उत्पन्नावर वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंत संघराज्यीय आयकरात सूट दिली. याचे स्वागत झाले, पण २.१३ चा आकडा आहे तेथेच राहिला. मालकाने द्यावयाचे ते गिऱ्हाइकाने द्यावे आणि त्यावरील कर सरकारने सोडावा, असा हा हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा प्रकार होय.

पोस्त आणि बलुते

अमेरिकेची ही रीत विचित्र म्हणून हसण्यापूर्वी घरच्या रीतीकडे पाहिलेले बरे. ‘पोस्त’ हा शब्द आता जुन्या चाळींतच ऐकू येतो. दिवाळीत पोस्टमन, झाडूवाला, पाणी सोडणारा, पहाटे दूध टाकणारा पोरगा दारात येऊन उभा राही आणि ‘पोस्त’ मागे. घरातील कर्ता पुरुष चंची किंवा पाकीट उघडी. बाई ताटलीत दोन करंज्या, मूठभर चिवडा घाली. देणाऱ्याला दानाचे समाधान लाभे, घेणारा वाकून नमस्कार करी. या दृश्यात माणुसकीचा ओलावा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु वर्षभर राबणाऱ्या माणसाने किती मिळणार हे ठाऊक नसताना दारोदार उभे राहावे आणि रक्कम देणाऱ्याच्या त्या सकाळच्या मनःस्थितीवर अवलंबून असावी, यात काही चुकते आहे, असे मात्र फारच थोड्यांना वाटले.

गावगाड्यातील बलुते याहून वेगळे होते, असे सांगितले जाते. सुतार, लोहार, न्हावी, कुंभार यांचा पिकातील वाटा परंपरेने ठरलेला असे. तथापि जे बलुतेदार सर्वांत खालच्या पायरीवर ठेवलेले होते, त्यांच्या हक्काला याचनेचे रूप आलेले होते. परळच्या बी.आय.टी. चाळीत अनेक वर्षे राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, ते याच कारणाने. गावाचे आणि सरकारचे अहोरात्र काम करूनही मोबदला ठरलेला नाही आणि ज्याच्या दारात उभे राहावयाचे त्याच्या मर्जीवर पोट अवलंबून, या स्थितीत माणसाला ताठ मानेने जगता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. ते विधेयक पुढे गेले नाही; वतने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. पण मोबदला ठरलेला नसला, की श्रमाची याचना होते, हा त्यातील धडा आजही ताजा आहे.

गिरणगावाने दिलेला धडा

बक्षिसीचे हक्कात रूपांतर कसे होते, याचे अस्सल उदाहरण पाहावयास लांब जावयास नको. ते लालबाग-परळच्या रस्त्यांवर घडले आहे. पहिल्या महायुद्धाच्या तेजीत मुंबईच्या गिरणीमालकांना अमाप नफा झाला, तेव्हा त्यांनी १९१७ पासून कामगारांना पगाराव्यतिरिक्त काही रक्कम देण्यास आरंभ केला. पुढे काही वर्षे ती एका महिन्याच्या पगाराइतकी असे. तिला ‘बोनस’ म्हणत. १९२३ च्या वर्षासाठी मालकांनी ती बंद केली. जे आम्ही खुशीने दिले ते खुशीने थांबविले, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२४ च्या जानेवारीत सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. तिने निर्णय दिला, की रूढी, कायदा किंवा न्यायबुद्धी यांपैकी कोणत्याही आधारावर कामगारांना बोनसवर दावा सांगता येत नाही. सरळ मराठीत सांगावयाचे, तर ती पोस्त होती, आणि पोस्त मिळालीच पाहिजे असे कोणी म्हणू शकत नाही.

कामगार हरले, पण प्रश्न मिटला नाही. १९५० साली कामगार अपील न्यायाधिकरणाने मुंबईच्या गिरण्यांच्याच तंट्यात बोनसचे सूत्र घालून दिले. नफ्याला भांडवल आणि श्रम दोहोंचा हात लागलेला असतो, म्हणून घसारा, कर, भांडवलावरील योग्य परतावा वजा जाता जी शिल्लक उरते, तीत कामगाराचाही वाटा आहे, असे त्याने मानले. १९६५ साली बोनसचा कायदा झाला. आरंभी किमान बोनस चार टक्के होता, सत्तरीच्या दशकात तो ८.३३ टक्के झाला. हा आकडा शाळेतील मुलालाही सोडविता येईल असा आहे: शंभराला बाराने भागले, की ८.३३ येतात. म्हणजे वर्षाला एक महिन्याचा पगार. १९२३ साली जी रक्कम मालकांनी ‘आमची मर्जी’ म्हणून बंद केली, तीच अर्ध्या शतकानंतर कायद्याच्या पुस्तकात किमान म्हणून छापली गेली. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या ऐतिहासिक संपाची ठिणगीदेखील आदल्या दिवाळीतील बोनसच्या असंतोषातून पडली होती. त्या संपात गिरणगाव उद्ध्वस्त झाले. पण बोनस हा शब्द बक्षिसांच्या यादीत पुन्हा कोणाला घालता आला नाही.

एवढेच नव्हे, तर गिरणगावाचे हे गणित गिरणीच्या फाटकाबाहेरही झिरपले. मुंबईचा डबेवाला दिवाळीत गिऱ्हाइकाकडून एक महिन्याचे जादा पैसे घेतो आणि त्याला बोनसच म्हणतो. धुणेभांडी करणारी बाई एक महिन्याचा पगार बोनस म्हणून मागते. जुनी साडी आणि वाटीभर फराळ यांवर ती आता राजी होत नाही. ‘हल्ली बायका हक्क सांगू लागल्या’ अशी तक्रार जिन्यात ऐकू येते. ही तक्रार करणारा गृहस्थ बहुधा स्वतः कोठेतरी कारकून असतो किंवा होता, आणि त्याने ८.३३ टक्क्यांचा हिशेब कधी एक रुपया कमी पडू दिलेला नसतो.

शिक्षक व कारकून वर्गाने आणखी एक शब्द तपासून पाहण्यासारखा आहे. निवृत्तीच्या दिवशी ज्या रकमेची वाट पाहिली जाते, ती ग्रॅच्युइटी. इंग्रजीत या शब्दाचा रोजच्या वापरातील अर्थ ‘टीप’ असाच आहे. दीर्घ सेवेवर खूश होऊन धन्याने जाताना हातावर ठेवलेली रक्कम, ही तिची मूळ कल्पना. १९७२ च्या कायद्याने ती पाच वर्षांच्या सेवेनंतर दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशेबाने देणे बंधनकारक केले. खाजगी शाळांतील शिक्षक त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला, तेव्हा २००९ साली कायद्यात दुरुस्ती करून त्यांना १९९७ पासून त्यात घ्यावे लागले. शिक्षकांनी त्या वेळी ग्रॅच्युइटी म्हणजे टीप, मिळाली तर बरे, अशी भूमिका घेतली नाही. वाढप्याच्या बाबतीतही तोच न्याय लावावयास हवा.

सेवाशुल्काचा वाद

ज्या लोअर परळमध्ये गिरण्यांचे भोंगे वाजत, तेथे आज त्याच आवारांतून चकचकीत उपाहारगृहे उभी आहेत. त्यांच्या बिलांवर अनेक वर्षे दहा टक्के, काही ठिकाणी त्याहूनही अधिक, सेवाशुल्क छापून येत असे. पुष्कळ गिऱ्हाइके त्याला सरकारी कर समजून निमूटपणे भरीत. वस्तू व सेवा कर सरकारजमा होतो. सेवाशुल्क मालकाच्या गल्ल्यात जाते, हा फरक सुशिक्षितांनाही ठाऊक नसे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून हे शुल्क आपोआप बिलात घालण्यास मनाई केली. उपाहारगृहांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने ती तत्त्वे वैध ठरविली आणि याचिका करणाऱ्या दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा भुर्दंड बसविला. संघटनांनी त्यावर अपील केले. न्यायालयाने टीप बंद केलेली नाही. गिऱ्हाइकाने स्वेच्छेने काही द्यावे, पण ते त्याच्यावर लादू नये, असा त्याचा आशय आहे.

मालकांच्या बाजूने एक मुद्दा मांडला जातो, तो झटकून टाकण्यासारखा नाही. टेबलावर ठेवलेली टीप वाढप्याच्या खिशात जाते. भटारखान्यात भट्टीपुढे घाम गाळणारा आचारी आणि मोरीवर भांडी घासणारा पोऱ्या यांना ती दिसतही नाही. सेवाशुल्क गोळा करून सर्वांत वाटले, तर न्याय होतो. मुद्दा बरोबर आहे. परंतु न्याय करावयाचा तर तो करण्याची जागा बिलाचा तळ नव्हे, पदार्थांचे दरपत्रक ही आहे. दर ठरविण्याचे स्वातंत्र्य मालकाला आहेच. थाळी तीनशेची करावी आणि सर्वांना पुरेसा पगार द्यावा. थाळी पावणेतीनशेची छापावयाची आणि उरलेले पैसे नोकरांच्या नावाने मागावयाचे, मग ते नोकरांना पोचले की नाही याचा हिशेब कोणालाच द्यावयाचा नाही, ही सोय मालकाची आहे. ब्रिटनने यावर कायद्यानेच उपाय केला. तेथे १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आलेल्या कायद्याप्रमाणे टीप असो वा सेवाशुल्क, पूर्ण रक्कम कामगारांत न्याय्य रीतीने वाटणे मालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे ग्राहकाचे संरक्षण झाले. वाढप्याचे राहून गेले.

कायद्याच्या दृष्टीने टीप ही वेतन नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे. मोठ्या हॉटेलांत कार्डावरून गोळा होऊन नोकरांत वाटली जाणारी टीप हा मालकाने दिलेला पगार नव्हे, ती गिऱ्हाइकाने दिलेली रक्कम असून मालक केवळ तिचा विश्वस्त आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आयकराच्या एका खटल्यात दिला. त्या निर्णयामुळे मालकाची करकपातीच्या जबाबदारीतून सुटका झाली. नोकराच्या दृष्टीने मात्र याचा अर्थ असा, की ज्या पैशांवर त्याचे घर चालते, ते त्याच्या पगाराच्या आकड्यात येत नाहीत. भविष्यनिर्वाह निधी असो वा ग्रॅच्युइटी, हिशेब धरला जातो तो पगाराचा, बशीचा नव्हे.

बशी रिकामी झाली

याच सुमारास एक लहानसा बदल कोणाच्या फारसा नजरेत न भरता झाला. दादर-गिरगावच्या साध्या उपाहारगृहांत बडीशेपेच्या बशीत बिल येई, गिऱ्हाईक नोट ठेवी, सुटे पैसे परत येत आणि त्यांतील चार-दोन नाणी बशीत मागे राहत. ना टक्केवारीचा हिशेब, ना उपकाराची भाषा. २०१६ साली एकीकडे नोटाबंदी झाली आणि दुसरीकडे मोबाइलवरून पैसे पाठविण्याची यूपीआय पद्धत सुरू झाली. आज गिऱ्हाईक भिंतीवरील चौकटीपुढे फोन धरतो, पैशापैशासह नेमकी रक्कम मालकाच्या खात्यात जाते आणि बशीत फक्त बडीशेप उरते. यात कोणाचा दुष्टपणा नाही. परंतु ज्याचे उत्पन्न सुट्या पैशांवर अवलंबून होते, त्याच्या उत्पन्नातील एक भाग कोणताही निर्णय न होता, कोणतीही सूचना न लागता नाहीसा झाला. बक्षिसी ही किती तकलादू गोष्ट आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

नव्या काळाने बक्षिसीचे एक नवे रूपही काढले आहे. टॅक्सी बोलाविण्याच्या अ‍ॅपवर गाडी येण्यापूर्वीच टीप कबूल करा, म्हणजे गाडी लवकर मिळेल, अशी सोय निघाली. मे २०२५ मध्ये केंद्रीय प्राधिकरणाने उबर कंपनीला याबद्दल नोटीस दिली. टीप सेवेनंतर कृतज्ञतेने द्यावयाची असते, आधी हक्क म्हणून मागावयाची नसते, असे ग्राहक व्यवहारमंत्री प्रल्हाद जोशी यांनी त्या वेळी म्हटले. ते बरोबरच आहे. काम झाल्यावर दिलेल्या पैशाला मराठीत बक्षिसी म्हणतात. काम व्हावे म्हणून आधी दिलेल्या पैशाला चिरीमिरी. ज्यांनी सरकारी कचेऱ्यांत आयुष्य घालविले, त्यांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. पण प्रश्न तेथे संपत नाही. चालक ज्याअर्थी या जादा पैशासाठी थांबतो, त्याअर्थी ठरलेल्या भाड्यात त्याचे भागत नाही, हे उघड आहे. घरपोच जेवण आणून देणारा तरुण पाऊस-पाण्यात चाळीचे चार मजले चढून येतो, तेव्हा त्याला टीप द्यावी की नाही हे अ‍ॅप गिऱ्हाइकाला विचारते. त्याला प्रत्येक फेरीला किती मिळावे, हे मात्र ते कोणालाच विचारीत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षेच्या संहितेत अ‍ॅपवर काम करणाऱ्यांचा प्रथमच स्वतंत्र उल्लेख आहे आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या कल्याणनिधीत भरावी, अशी तरतूद आहे. कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्के ही तिची मर्यादा. ही सुरुवात आहे. परंतु किमान वेतनाची हमी देणारी वेतनसंहिता ‘नोकर’ या व्याख्येवर उभी आहे आणि अ‍ॅपवाल्या कंपन्या आपल्या माणसांना नोकर म्हणावयास तयार नाहीत. त्या त्यांना भागीदार म्हणतात. १९२४ साली गिरणीमालक निदान कामगाराला कामगार म्हणत होते.

प्रवाशाने काय करावे?

तेव्हा विमानतळाच्या वाटेवरील प्रश्नाचे उत्तर टक्केवारीच्या तक्त्यात शोधण्यापेक्षा तीन साध्या चौकशांत शोधावे. वाढप्याचा पूर्ण पगार मालक देतो काय? बिलात सेवेची रक्कम आधीच धरली आहे काय? आणि दिलेले पैसे त्याच्या हाती पडतात काय? जपानात पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. तेथे वाकून आभार मानावेत आणि पाकीट खिशात ठेवावे. सिंगापूर-फ्रान्समध्ये दुसऱ्याचे उत्तर होय असे येते; तेथे संकोच नको. अमेरिकेत वीस टक्के देताना मनाला लागले तरी द्यावे, कारण तेथील पद्धत चुकीची असली तरी ती सुधारण्याचा खर्च एका गरीब वाढपिणीच्या पगारातून वसूल करणे हा न्याय नव्हे. सहलसंस्थेने बक्षिसीचे पैसे आगाऊ घेतले असतील, तर ते बसचालकाला पोचले का, एवढे विचारण्याचा अधिकार प्रवाशाला आहे आणि तो त्याने वापरावा.

घरी परतल्यावर हेच तीन प्रश्न दादरच्या किंवा परळच्या उपाहारगृहात विचारावेत. लादलेले सेवाशुल्क नाकारण्यात गैर काही नाही; मालक ऐकत नसेल तर १९१५ या ग्राहक साहाय्यक्रमांकावर तक्रार करता येते. परंतु शुल्क नाकारून विजयी मुद्रेने उठणाऱ्या गिऱ्हाइकाने वाढप्याच्या हातावर काही ठेवले नाही, तर मालकाशी झालेल्या भांडणाचा दंड नोकराने भरला, असे होईल. फोनवरून पैसे देण्याची सवय झाली असली, तरी खिशात दहा-वीसच्या नोटा बाळगणे अवघड नाही. घरच्या बाईला, जिना झाडणाऱ्याला दिवाळीत काय मिळणार, हे वर्षारंभीच सांगून ठेवावे. म्हणजे तिला दारात उभे राहून चेहरा वाचावा लागणार नाही.

अर्थात, हे सारे तात्पुरते उपाय झाले. मूळ मागणी एकच आहे: श्रमाचे मोल किमतीत यावे आणि पगारात दिसावे. गिरणगावाने बोनसबाबत हे करून दाखविले, शिक्षकांनी ग्रॅच्युइटीबाबत करून घेतले. जपानी वाढपी मागे धावत येऊन पैसे परत करतो, कारण त्याचा मालकाशी असलेला हिशेब पुरा झालेला असतो. आपल्याकडील वाढप्याचा हिशेब तसा पुरा होईल, तेव्हा तोही ते खुशाल परत करील. तोवर बशीतील सुटे पैसे त्याचे आहेत.